दिघोरीच्या हिमालयात मनकर्णाबाई

मनकर्णाबाईने चाळीस वर्षं दिघोरीच्या बांध्यांत, चिखलात वाकून धानाची रोवणी केली. रांगेत ती नेहमी पहिली. सल एकच. सोळाव्या वर्षी गावच्या नाटकात तिला काम मिळालं होतं आणि बापाने भर तालमीतून हाताला धरून घरी आणलं होतं.

आता छपन्नाव्या वर्षी, साकोलीत लग्नाचे व्हिडिओ काढणारा भाचा मोनू सिनेमा घेऊन दारात आला. हिमालयात बर्फाखालचे मुडदे उठतात आणि माणसं खातात. बघणाऱ्याने भ्यायचं आणि हसायचंही. हिमालय म्हणजे तलावाची पाळ, बर्फ म्हणजे वीस पोती मुरमुरे.

"मावशी, तू मुडद्यायची मुखिया. तुयं तोंड अख्ख्या पडद्यावर दिसन."

आठ दिवस ती आरशापुढे दात विचकत होती. ताटावर बसलेला नवरा भैयाजी वैतागला, "भात वाढून राहिली का मलेच खाऊन राहिली?"

शूटिंगला दहा बायका तोंडाला पीठ फासून उभ्या राहिल्या. समोर हिरो अंकुर, त्याच्यामागे कॅमेरा.

"कमरेत वाका! हात खाली! अंकुरकडे चाला!" मोनू ओरडला.

दहाही जणी वाकल्या आणि एका रांगेत झपाझप मागे निघाल्या.

"काहून मांगं जाऊन राहिल्या?"

"कमर वाकली का पाय मांगंच जाते, बाबू," रांगेतली रुखमिणी म्हणाली. "रोवणीत पुढं गेलो तं रोपं नाही का तुडवत?"

दुसऱ्यांदाही तेच. तोवर शेळ्यांनी अर्धा हिमालय फस्त केला.

मोनूने कपाळ धरलं. "उरल्या बर्फात आता एकच डाव होईन. उभ्यानंच चाला. मुडद्यावानी नाही दिसन, म्हून दुरूनच घेतो."

"दुरून?" मनकर्णाबाई रांगेतून पुढे आली. तोंड गेलं की! "थांब रे. कॅमेरा अन् हिरो आमच्या मांगं ठेव. आमी जशा येतो तशाच येऊ."

आणि त्या आल्या. वाकलेल्या, दहा पाठी, दहा कमरा, बर्फात बोटं खुपसत, एका तालात, उलट्या पावलांनी. अंकुर हसत होता. मग त्याचं हसू थांबलं. हातभर अंतरावर मनकर्णाबाई ताठ झाली, गर्रकन वळली आणि तिने दात विचकले.

"आई वं!" अंकुर मुरमुऱ्यांत उताणा पडला. हे काही मोनूने लिहिलेलं नव्हतं.

मोनूने तिथेच मोबाइलवर दाखवलं. कडेपासून कडेपर्यंत तिचंच तोंड. बायका खिदळत तिच्या खांद्यांवर लोंबकळल्या. मनकर्णाबाईने चारदा पाहिलं.

"बाकी ठीक आहे," ती म्हणाली. "वरचे दात अजून दिसाले पाह्यजे होते. भैयाजीले बोलाव बरं इकडं."