शीतलची सीट

"सर, तुम्हीच सांगा तिले. पोरीनं नर्सिंगच करावं," देवरावभाऊ म्हणाले.

शेजारच्या खुर्चीत त्यांची मुलगी शीतल मान खाली घालून बसली होती. हळूच म्हणाली, "मले बॉटनी घ्यायचं हाये."

कुरखेड्याच्या आमच्या कॉलेजात मी बॉटनी शिकवतो. बॉटनी म्हणजे वनस्पतिशास्त्र. तेव्हा अ‍ॅडमिशनच्या टेबलवर माझी ड्यूटी होती. शीतल जवळच्या जंगलगावातली, बारावीला माझ्याच वर्गात होती. झाडपाल्याचं तिला वेड. तिला गडचिरोलीला नर्सिंगची सीट लागली होती आणि ती परवापर्यंत फ्रीझ करायची होती. फ्रीझ म्हणजे जागा पक्की करणं. नाही केली, तर गेली.

"बॉटनी करून काय भेटते, सर?" देवरावभाऊंनी विचारलं.

"मास्तरकी. तीही भेटली तर," मी खरं ते सांगितलं. शीतलनं माझ्याकडं रागानं पाहिलं.

बाजूच्या केबिनमध्ये प्रिन्सिपॉलना हे ऐकू गेलं. त्यांनी मला आत बोलावलं.

"तुमच्या डिपार्टमेंटला आधीच मुलं नाहीत. ही आपणहून येते म्हणते, तर तुम्ही तिला परत पाठवताय?"

"पाठवत नाही, सर. पण वर्षं तिची जाणार आहेत, आपली नाही."

"बघा बुवा. पुढं तासिकांचा वर्कलोड कमी पडला तर माझ्याकडं येऊ नका."

टेबलवर परत आलो आणि बापलेकीला विचारलं, "नर्सचं काम कधी जवळून पाहिलंय?" दोघांनीही पाहिलं नव्हतं. बॉटनीच्या लॅबमध्ये देवरावभाऊंनी कधी पाय ठेवला नव्हता. न पाहिलेल्या गोष्टींवरून घरात आठवडाभर भांडण चाललं होतं.

इथल्या ग्रामीण रुग्णालयात माझी एक जुनी विद्यार्थिनी सिस्टर आहे. तिला फोन केला. तिनं डॉक्टरांची परवानगी काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शीतल वॉर्डात गेली. लेक परत येईपर्यंत देवरावभाऊंना काही काम नव्हतं, म्हणून त्यांना माझ्या प्रॅक्टिकलला बसवलं.

मायक्रोस्कोपखाली पानाची पातळ साल ठेवली. पानाला बारीक छिद्रं असतात, ओठांसारखी उघडमीट करणारी. देवरावभाऊ डोळा लावून बसले ते उठेचनात. मागं पोरांची लाइन लागली.

"पानाले तोंड असते, हे मले आजच माईत झालं," ते म्हणाले.

संध्याकाळी शीतल आली. चेहरा उतरलेला.

"कसं वाटलं?"

"वास सहन झाला नाई, सर. एकदा बाहेर जाऊन उलटी केली. मंग परत आत गेली."

"परत काऊन गेली?" देवरावभाऊंनी विचारलं.

"एक म्हातारी बाई होती. पोट दुखते एवढंच सांगे. मी गोंडीत विचारलं, तर कालपासून लघवीच झाली नव्हती. डॉक्टर बाई नाई, माणूस हाये म्हणून लाजून राह्यली होती. मी सिस्टरले सांगितलं. सिस्टरनं नळी टाकली, तवा कुठी तिले बरं वाटलं. झोप लागेपर्यंत तिनं माहा हात सोडला नाई."

मग देवरावभाऊ म्हणाले, "सिस्टरले रातपाळी असते म्हणते. बदली कुठीबी होते. त्यापरीस इथी सरांकडंच शीक. थंड काम हाये."

"नाई, बाबा. मले नर्सिंगच करायचं हाये."

"अन् तुही झाडं?"

"झाडं कुठी पळून जातेत?"

मला हसू आवरेना. आठवडाभराचं भांडण तसंच राहिलं होतं, फक्त दोघांनी बाजू बदलल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शीतलनं सीट फ्रीझ केली. देवरावभाऊ नाराजच होते, पण सोबत आले.

आज शीतल एटापल्लीकडं स्टाफ नर्स आहे. रातपाळीच्या नावानं देवरावभाऊ अजून कुरकुरतात. तीही कधीकधी थकते. पण सोडायची भाषा अजून ऐकली नाही. अधूनमधून एखाद्या वेलीचा फोटो पाठवून मला नाव विचारते.

आवड काय, असं विचारलं की पोरं पाहिलेल्यातलंच काहीतरी सांगतात. आईबाप ऐकलेल्यातलं सांगतात. म्हणून आता टेबलवर मी मार्क विचारायच्या आधी विचारतो, "ते काम पाहून आलात का?" त्यापायी दरवर्षी माझ्या डिपार्टमेंटची मुलं थोडी कमी होतात. येतात ती मात्र टिकतात.