आक्काताईंची डबल बेल

आक्काताई गडहिंग्लज आगारात वीस वर्षं कंडक्टर होत्या. आता कसबा बावड्यात घरी बसून आमच्या टोळीत ऑनलाइन गेम खेळतात.

टोळीतल्या नौमानचं मत, गेम मेला, नवीन कोण येत न्हाय. माझं मत, नवखे नकोतच, त्यांच्यापायी लढाई हरतो. आक्काताईंचं तिसरंच. शेवटचा गडी किल्ल्याच्या दारात पोचेपर्यंत त्या टोळी हलू देत नाहीत. मग माइकवर तोंडानंच डबल बेल मारतात, तेव्हा आम्ही निघायचं.

ह्या थांबण्यावरून मी भांडलो आणि महिनाभर गेममध्ये गेलोच नाही.

परवा लॉगिन केलं. दारात अकरा जण उभे, त्यातले सात नवे. बेल पडली नव्हती.

नौमान वैतागून म्हणाला, “पळत ये की. तुझं नाव दिसल्यापास्नं आक्का थांबल्यात.”