बशीखाली झाकलेला चहा

काल नातीनं अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातल्या त्या आयरिश पबचं दार उघडलं आणि गरम बटाट्यांवरच्या व्हिनेगरचा वास आला. नवी नवरी असताना ह्याच वासाला नाक मुरडून मी बाहेर गाडीतच बसले होते.

"अगं, इथे दुधाचा कडक चहा मिळतो," हे म्हणाले.

"दारूच्या गुत्त्यात? महाराष्ट्र मंडळात कळलं तर?"

"मंडळाचे अध्यक्ष आतच बसलेत."

तरी मी ढिम्म. हे एकटेच आत गेले. वाळवंटातला जून महिना, आणि ही मानी बाई गाडीत पापडासारखी भाजतेय. दहा मिनिटांत अब्रू गुंडाळून आत शिरले. आत गार अंधार होता. ह्यांच्यासमोर लोणी घातलेल्या कुस्करलेल्या बटाट्याचा ढीग, दोन चमचे आणि दोन कप. माझा कप बशीनं झाकलेला.

"गार झाला असता," एवढंच म्हणाले. रागारागानं निम्मा ढीग मीच संपवला.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. काल मी दोन चहा मागवले आणि एकावर बशी ठेवली.

"आजी, हू इज दॅट फॉर?"

"तुझ्या आजोबांना. आज ते रुसून गाडीत बसलेत."