क्लाय

माझ्या मुलाचं लग्न थायलंडमधल्या मालीशी झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी विहिणी तिच्या माहेरच्या ओसरीवर पालेभाजी निवडत बसलो होतो. माली आता आमच्याबरोबर नाशिकला यायची होती. विहीणबाईंनी काहीतरी विचारलं. माली तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई विचारते, नाशिक लांब आहे का?"

लांबला तिकडे 'क्लाय' म्हणतात, एवढं मी शिकून गेले होते. मी चांगला जोर देऊन म्हणाले, "क्लाय!"

विहीणबाईंचा चेहरा एकदम उजळला.

माली हळूच म्हणाली, "आई, तुम्ही 'जवळ' म्हणालात."

आपल्या कानाला शब्द एकच. आवाज सपाट ठेवला तर लांब, वरून खाली उतरवला तर जवळ. मराठीत आवाज चढला-उतरला की माणसाचा राग-लोभ कळतो, पण शब्द जागचा हलत नाही. इथे तेवढ्यानं अख्खं नाशिक हललं होतं. लेक सासरी निघाली की कुठलीही आई हेच विचारत असेल, आणि तिला नकाशावरचं उत्तर नकोच असतं.

"त्यांना खरं काय ते सांग," मी म्हणाले. मालीनं सांगितलं. विहीणबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. मग माझा हात धरून त्यांनी तो वरून खाली आणला आणि म्हणाल्या, "क्लाय." मी तसं म्हणून पाहिलं. नीट जमेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

'लांब' कसं म्हणायचं, ते मात्र त्यांनी शिकवलंच नाही.