आय शुद्ध बोलू लागली

मी मुर्धा गाव सोडलं त्या सकाळी आय भाईंदरच्या बाजाराला निघाली होती. मासळीची पाटी रिक्षात चढवून झाली, तरी ती दारातच उभी. मला काशिमिऱ्याला जाऊन हायवेवर पुण्याची बस पकडायची होती. बाबा बॅग घेऊन पुढे गेले. आयनं ओले हात पदराला पुसले, माझ्या गालांवरून फिरवले आणि म्हणाली, "तिकरं जाऊन मुकी ऱ्हाऊ नको, बाय. कोन काय बोलला, त तू पन बोल."

आय स्वतः कधी कुणाला हार जायची नाही. सिल्व्हर पार्काच्या इमारतींतल्या मॅडम असोत नाहीतर शेजारचा कोथिंबीरवाला, ती सगळ्यांची खेचायची आणि लोक हसत हसत मासे घेऊन जायचे. मुर्ध्यातल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला तिचा तो आवाज रोज ऐकू येतो. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना मी काय सांगतेय ते कदाचित जास्त कळेल.

पुण्यात बाणेरला ऑफिस होतं. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांसमोर विचारलं, "पानी कुठं हाय?" दुपारपर्यंत माझं नाव 'पानी' पडलं. पानी, मेल पाठवलास? पानी, जेवायला चल. प्रेमानंच म्हणतो गं, असं वर सांगायचे. मीही हसायचे. सगळ्यांच्या आधी आपण हसलं की कमी लागतं, हे मला लवकर कळलं. आंघोळीला गेले की नळ मोठा सोडायचे आणि 'ण' आणि 'ळ' घोकायचे. कुणी गाव विचारलं तर मीरा रोड सांगायचे. वर्षभरात माझी बोली इतकी साफ झाली की नवीन आलेल्यांना त्या नावाचं कारणच कळेना. मग ते नाव आपोआप गळून पडलं.

त्याच सुमारास आय चार दिवस राहायला आली. माझी रूममेट केतकी तिच्याभोवती बसली. आयला ऐकणारं माणूस मिळालं, मग काय. तिनं बाजारातला किस्सा काढला. "ती मॅडम मना इचारते, मावशी, ये मच्छी कब की है? मी बोलले, मॅडम, उसकूच पूछो. मना काय म्हाईत?"

केतकी हसून लोटपोट झाली. "काकू, ते परत म्हणा ना. मना काय म्हाईत." तिनं मोबाइल काढला. आयला वाटलं, पोरीला किस्सा आवडला. तिनं हातवारे करून पुन्हा सांगितला. तिसऱ्यांदा केतकीनंच आयच्या सुरात म्हणून दाखवलं, आणि मी हसले. अगदी मनापासून, केतकीसारखीच.

आय केतकीकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

जरा वेळानं ती म्हणाली, "पाणी दे गं थोडं." तिच्या तोंडून तसा 'ण' मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

तेव्हापासून आय माझ्याशी शुद्ध बोलू लागली. फोनवर विचारायची, "जेवण झालं का? तब्येत बरी आहे ना?" शब्द जपून, अडखळत, बँकेतल्या साहेबाशी बोलावं तशी. मला राग यायचा, मग रडू यायचं, आणि कशाबद्दल माफी मागायची तेच सांगता यायचं नाही.

दिवाळीत घरी गेले. शेजारची वेणूकाकी आणि आय कोलंबी सोलत बसल्या होत्या. बाहेरूनच आवाज ऐकू येत होता, दोघी कुणाच्या तरी सुनेची टिंगल करत होत्या. मी आत पाऊल टाकलं आणि आय म्हणाली, "ये, बस. प्रवास नीट झाला ना?"

वेणूकाकी गेल्यावर मी आयच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आय, मना तुझ्याशी बोलाचा हाय."

वर्षभर ही बोली तोंडात आली नव्हती. शब्द आमचेच होते, पण चाल केतकीची लागली. मलाही ती ऐकू आली.

आयचा हात थांबला. "तू पन नक्कल करतंस का माझी?"

"न्हाय गं आय." त्या दिवशी मी हसले, मला हसायला नको होतं, एवढंच कसंबसं म्हटलं. तिनं हातातली कोलंबी सोलून टाकली. मग माझ्या डोक्यावर मनगट टेकवलं, बोटं ओली होती म्हणून. "राहू दे," म्हणाली. "तुला जमतं तसं बोल. मी पण बोलते तसंच."

तिनं माफ केलं, हे मला ठाऊक आहे. पण बोली परत दिली नाही.

आता लग्न होऊन मी पुण्यातच आहे. मुर्ध्याला गेले की खाडीकडे नवीन टॉवर दिसतात. त्यांचं मला विशेष काही वाटत नाही. मी रोज संध्याकाळी फोन करते. आय तब्येत विचारते, हवा विचारते, आणि "ठेवते हं" म्हणून मोबाइल तसाच ओट्यावर ठेवते. तिला कॉल कट करता येत नाही. मग ती बाबांवर ओरडते, "अवं, ती मांजर बगा, सगला खाऊन जाईल!" वेणूकाकी येते. दोघी कुणाला तरी नावं ठेवतात, खदाखदा हसतात. माझं घर आता तेवढंच उरलंय, आणि मी ते श्वास रोखून ऐकते.

परवा नवरा म्हणाला, "आईंना फोन कट करायला शिकव ना एकदा."

"शिकवते," म्हटलं मी. अजून शिकवलेलं नाही.