कमानीमागच्या पायऱ्या

आमच्या सहलीत सत्तावीस माणसं आणि एक सामानकाका. म्हणजे माणसं अठ्ठावीसच होती, पण काकांना आम्ही धरत नव्हतो.

परदेशातली जुनी देवळं, मठ, पडके राजवाडे बघायला निघालो होतो. पहिल्याच देवळात पिशव्या आत न्यायला बंदी. काका आपणहून म्हणाले, ठेवा इथे, मी बसतो. स्टेशनच्या सामानघरात एकतीस वर्षं नोकरी झालेली, सवयच होती. त्यांनी खिशातून चिठ्ठ्या काढून प्रत्येक पिशवीला नंबर बांधला आणि तिथेच फसले. पुढे जिथे जाऊ तिथे जो तो त्यांच्यापुढे पिशवी टाकून मोकळा. आठ दिवसांत काकांनी फक्त देवळांची फाटकं बघितली.

मला याची फार चीड यायची. मी दवाखान्यात सिस्टर होते, चोवीस वर्षं वॉर्डच्या ड्यूट्या मीच लावल्या. बसमध्ये सगळ्यांना खडसावलं की पाळी लावा, माणूस आहे तो. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोबत आलेली माझी धाकटी बहीण म्हणाली, मग तूच बस की एकदा. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

त्याच बसमध्ये काकांनी मला सांगितलं होतं. सामानघरात त्यांच्या टेबलासमोर जुन्या कॅलेंडरचं एक पान होतं. त्यावर पडक्या देवळाची कमान, कमानीमागे खाली उतरणाऱ्या चार पायऱ्या, आणि तिथे चित्र संपायचं. निवृत्त होताना ते पान त्यांनी घरी नेलं. त्या पायऱ्या पुढे कुठे जातात, एवढंच त्यांना बघायचं होतं. ते देऊळ शेवटच्या दिवशी होतं.

शेवटच्या दिवशी बसला उशीर झाला. फाटक बंद व्हायला दीड तास उरलेला. काका पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "आज कुणी बसेल का?"

सगळ्यांना एकदम बुटांच्या नाड्या बांधायच्या आठवल्या. मी म्हटलं, "काका, मी बसते. फक्त आधी पटकन बघून येते. अर्ध्या तासात तुम्हाला सोडवते."

त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. आधी त्यांना पाठवायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आत उजेड सुरेख होता. बहीण फोटो काढत होती. अर्धा तास झाला तेव्हा मी घड्याळ बघितलं, नर्सची सवय. तेवढ्यात गच्चीकडे जाणारा जिना दिसला. म्हटलं, दहाच मिनिटं. मग आणखी दहा, असं करत फाटक बंद व्हायची वेळ आली. नंतर सगळ्यांना मी सांगितलं की विसरले. विसरले नव्हते. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे मी वॉर्डातल्या पोरींना कानीकपाळी ओरडून शिकवलेलं. हा माणूस जागा सोडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

परत आले तर रखवालदार फाटक ओढत होता. काका पिशव्यांपाशी उभेच होते. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नंबर बघून माझी पिशवी काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि विचारलं, "ताई, त्या पायऱ्या कुठे जातात हो?"

मी बघितलंच नव्हतं.

"खाली पाणी आहे," मी म्हणाले. "अगदी स्वच्छ."

"मला वाटायचंच तसं," ते म्हणाले. बसमध्ये त्यांनी ते आणखी दोघांना सांगितलं. मला इतकी लाज वाटली की मी झोपेचं सोंग घेतलं.

परवा त्यांचा फोन आला. पायऱ्यांचा एक फोटो पाठवता का, त्या पानाशेजारी लावतो म्हणाले. हो म्हटलं आणि शोधत बसले. कमानीपाशी बहिणीने माझे अकरा फोटो काढलेत. अकराही फोटोंत पायऱ्यांच्या पुढे मीच उभी आहे.