ओपनवाला लॅपटॉप आणि माझी व्हॅलिडिटी

आधी तोंडातला चहाचा घोट गिळून घ्या, मग ऐका. काल शेजारच्या सावंतांना हे सांगताना त्यांना ठसका लागला आणि त्यांचा चहा माझ्या शर्टावर आला. एवढा एकच बरा शर्ट उरलाय.

मंगळवारची सकाळ होती. बदलापुरात पाणी जायच्या आत बादल्या भरायच्या असतात, तसा मी भरत होतो. एका हातात नळी, दुसऱ्या हातात फोन. फोनवर विहाराच्या महिला मंडळाच्या मालतीताई.

"सर, ठरलं बरं का! सुनंदाताईंच्या पाळण्यांची पुस्तिका काढायची. पुण्यानुमोदनाच्या दिवशीच सगळ्यांना वाटायची."

सुनंदा म्हणजे माझी बायको. आनंदनगर एमआयडीसीत पॅकिंगला होती. ओळखीत कुणाकडे मूल झालं, की ही त्याच्या नावाचा पाळणा रचायची. बारशाला लोक वाळे न्यायचे, ही वहीतलं पान न्यायची. येत्या महिन्यात तिला जाऊन वर्ष होईल, त्याचंच हे पुण्यानुमोदन.

मी "बरं" म्हणालो. बादली भरून बाथरूमभर पाणी झालं होतं, ते नंतर दिसलं.

"फक्त रविवारपर्यंत टाइप करून द्या," मालतीताई म्हणाल्या. "छापखानेवाल्याला त्यांचं अक्षर लागत नाही."

आता टाइप करायचं म्हणजे माझ्या जुन्या लॅपटॉपवर. आणि त्याचं 'प' हे बटण गेलेलं. चौथ्या मजल्यावरच्या आर्यनचा पाळणा घ्या. सुनंदानं लिहिलंय:

चांदोबा आला जिन्यानं गं, बंद पडली लिफ्ट
आर्यनसाठी आणलं त्यानं चांदण्यांचं गिफ्ट

माझ्या लॅपटॉपवर "बंद डली लिफ्ट". पुढे "झोप बाळा"चं "झो बाळा". पाळण्यात झोपच नाही! माझी मुलगी प्राजक्ता मला पप्पा म्हणते. त्या कीबोर्डवर मी तर शिल्लकच राहिलो नव्हतो.

प्राजक्ता पुण्याला असते, कॉम्प्युटरमधलं तिला सगळं कळतं. तिला फोन केला.

"पप्पा, नवीनच घ्या. आणि घेताना..." ती थांबली. मी मराठीचा शिक्षक होतो. तिनं इंग्रजी शब्द वापरला की मी टोकतो, म्हणून ती बिचारी शब्द शोधत होती. "घेताना मुक्त प्रणालीवाला घ्या. दुकानातूनच टाकून मिळते. मराठी छान चालतं."

"मुक्त म्हणजे?"

"म्हणजे कुणाची मालकी नाही. कुणीही वापरा, कुणीही बदला, कुणीही दुसऱ्याला द्या."

वा! म्हटलं, हा तर आपल्याच विचारांचा निघाला!

मी तिला आयुष्यभर टोकलं नसतं ना, तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

बुधवारी उल्हासनगरला गेलो. बरोबर निळी प्लास्टिकची फाइल. लॅपटॉप घ्यायला फाइल कशाला, असं विचारू नका. सुनंदाचा नियम होता: कुठल्याही काउंटरवर जायचं तर फाइल बरोबर पाहिजे. कोण काय मागेल सांगता येत नाही. रेशनकार्ड, दाखले, सगळं लॅमिनेट करून तिनंच लावलेलं. आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात तिचा शेवटचा, बाविसावा पाळणा. प्राजक्ताला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा सुनंदा हॉस्पिटलमध्ये होती. तिथेच एका कागदाच्या पाठीवर तिनं तो लिहिला आणि नावाची जागा मोकळी सोडली. मी जपून फाइलमध्ये ठेवला होता.

दुकान बोळकांडीएवढं. मालक हरेशभाई, सिंधी माणूस, तोंडानं गोड. आत चार गिऱ्हाइकं उभी.

"बोला अंकल!"

"लॅपटॉप पाहिजे. मराठी टाइप करायचंय."

"अरे बढिया! पहले ये बताओ, आप ओपनवाले हो के विंडोवाले?"

माझे कान तापले.

ओपनवाले? हा प्रश्न मला शाळेत विचारून झालाय, कॉलेजात विचारून झालाय, नोकरीच्या फॉर्मवर विचारून झालाय. भाड्याचं घर बघताना तर सरळ न विचारता, आडनाव दोनदा विचारून विचारलाय. पण लॅपटॉपच्या दुकानात? चार माणसांसमोर?

मी मान ताठ केली. "ओपन नाही."

"नहीं? कोई बात नहीं, तो फिर विंडो में आ जाओ!" असं म्हणून त्यांनी कुठेतरी डावीकडे हात केला.

आणि काय सांगू, डावीकडे खरोखरच एक खिडकी होती! भिंतीत, लोखंडी गजांची. ओपनवाल्यांना आतून, आम्हाला खिडकीतून? सरकारी कचेरीतसुद्धा हल्ली असं करत नाहीत!

तरीही मी गेलो. का गेलो? सवय हो! कुणी खिडकी दाखवली की पाय आपोआप जातात. तिथे माझ्या आधी एक बाई प्रिंटर कवटाळून उभ्या होत्या.

मी हळूच विचारलं, "ताई, तुम्हालाही इकडेच पाठवलं?"

"तर काय! तीन वेळा आले. घेतच नाहीत हो."

मला भरून आलं. "घाबरू नका," मी म्हणालो. "आपण लेखी तक्रार करू."

"नको हो, नुसती शाई सांडते त्याची. तक्रार कसली?"

ती रिपेअरिंगची खिडकी होती हे मला तेव्हाही कळलं नाही. मला वाटलं, बाई दबल्यात.

तेवढ्यात हरेशभाई ओरडले, "अरे अंकल, उधर किधर? इधर आओ! मेरी मानो तो ओपन ही ले लो. ओपन में सब फ्री है. विंडो में पैसा भरना पडता है."

आता मात्र माझा संयम सुटला. मी फाइल छातीशी धरून काउंटरवर आलो.

"ओपनला सगळं फ्री? आणि आम्ही पैसे भरायचे? हे कधीपासून?"

"शुरू से, अंकल. पूरी दुनिया में."

"पूर्ण दुनियेत? कुठल्या जीआरनं?"

"कौन जीआर?"

"शासन निर्णय! दाखवा मला!"

बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. हरेशभाईंनी बिचाऱ्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "गरम मत हो साईं. आपके फायदे का बोल रहा हूँ. विंडो लोगे तो उसमें ऑफिस की व्हॅलिडिटी एकच साल. फिर रिन्यू करना पडता है."

व्हॅलिडिटी!

ज्यांनी जात पडताळणीसाठी खेटे घातलेत, त्यांना या शब्दाचं वजन माहीत आहे. माझ्या व्हॅलिडिटीसाठी सुनंदानं रजा टाकून गावी जाऊन माझ्या आजोबांचा शाळेचा दाखला काढून आणला होता. आणि हा माणूस म्हणतो, एकच साल?

मी फाइल उघडली. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र काढलं आणि काउंटरवर असं आपटलं की दोन माऊस खाली पडले.

"ही बघा! समितीची सही, समितीचा शिक्का! आमची व्हॅलिडिटी कायमची असते! रिन्यू करावी लागत नाही!"

एका गिऱ्हाइकानं वाकून माऊस उचलले.

हरेशभाईंनी चष्मा लावला. प्रमाणपत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. उलटं करून मागची बाजू पाहिली. मग फार जपून, आजारी माणसाला सांगावं तसे म्हणाले, "अंकल, बहुत अच्छा है. लेकिन ये लॅपटॉप के साथ नहीं लगता."

आणि नेमका तेव्हाच प्राजक्ताचा फोन. घाईत माझं बोट स्पीकरवर पडलं.

"पप्पा, मिळाला का? त्यांना मुक्त कळणार नाही हं. ओपन म्हणा, ओपन सोर्स! सॉफ्टवेअरलाच ओपन म्हणतात."

मी काउंटरवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं.

"पप्पा? काय झालं?"

"मी त्यांना व्हॅलिडिटी दाखवली," मी म्हणालो.

मग ती जी हसली! पुण्यातनं उल्हासनगरपर्यंत हसली. प्रिंटरवाल्या बाई खिडकीपाशी उभ्या उभ्या हसल्या. गिऱ्हाइकं हसली. प्राजक्ताला असं हसताना मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मग मीही हसलो, इतका की स्टूल घेऊन बसावं लागलं.

हरेशभाई तेवढे हसले नाहीत. त्यांनी प्रमाणपत्र पुसून फाइलमध्ये घातलं. म्हणाले, "मेरे दादा के पास भी ऐसीच फाइल थी. बंटवारे में सिंध से इधर कॅम्प में आए तब की. सोते थे तो उशीच्या खाली." आणि माझ्यासाठी चहा मागवला.

ओपनवाला घेतला. झोकात घरी आलो. सगळं मराठीत करून घेतलेलं. प्रोग्रॅम घ्यायच्या पानावर गेलो तर ठळक अक्षरात काय? "प्रवर्ग निवडा."

मी लगेच फोन लावला. "प्राजक्ता, हाही विचारतोय!"

"पप्पा, तो सॉफ्टवेअरचा प्रवर्ग! तुमचा नाही! आता कागद दाखवू नका त्याला!"

मग टाइप करायला बसलो. पहिला 'प' उमटला तेव्हा मी ओळभर नुसते 'प'च टाइप केले. पपपपपप. लहान मुलासारखं. साठ वर्षांचा माणूस! मग आर्यनची लिफ्ट नीट बंद पडली, बाळं नीट झोपली. आज शनिवार, दुपारपर्यंत एकवीस पाळणे झाले.

बाविसाव्यासाठी फाइल शोधायला गेलो.

कपाटात नाही. टेबलावर नाही. गादीखाली नाही. लॅपटॉपच्या खोक्यात थर्माकोलसुद्धा उचकून पाहिला. आणि फोन वाजला.

"अंकल, हरेश बोलतोय. आप ओपन तो घर ले गए, आपका सब रिझर्व्ह इधरच रह गया!"

मागे कुणीतरी खो खो हसलं. दुकानात आता माझा किस्सा रोज सांगतात म्हणे.

"और अंकल, नीचे एक कागज है. लोरी जैसा कुछ. नाम की जगह खाली है. ये भी लगता है क्या आपको?"

"हो," मी म्हणालो. "ते लागतं."

नातीचं नाव स्वरा ठेवलंय. मोकळ्या जागेत बरोबर बसतं, मी म्हणून पाहिलंय. उद्या सकाळी उल्हासनगरला जायचं, कागद आणायचा आणि संध्याकाळी सगळं मालतीताईंच्या हातात द्यायचं. पण त्या दुकानात आता कुठल्या तोंडानं जाऊ? बहुतेक मी आपला खिडकीतच उभा राहीन.

बाविसावा पाळणा टाइप करायचा राहिलाय.